डॉक्टरांच्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर

हे मी मीनालाही सांगितलेलं नाही. तीस वर्षांच्या संसारात बायकोला सांगितलं नाही, म्हणजे कोणालाच सांगितलं नाही हे तुमच्या लक्षात येईल. तिच्या समजुतीप्रमाणे डॉक्टर इनामदारांना शेवटच्या दिवसांत कोणी जपलं असेल तर ते मी. आमच्या मराठी मंडळातही लोक असंच बोलतात. मी ऐकतो, मान खाली घालतो — आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

कुठून सुरुवात करू? रिव्हॉल्व्हरांपासूनच करायला हवी, दुसरा इलाज नाही.

माझ्याकडे अकरा रिव्हॉल्व्हरं आहेत. दचकू नका. ही ठासणीची रिव्हॉल्व्हरं — दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन घडणीच्या हुबेहूब नकला, इटलीतल्या कारखान्यांत आजही बनतात. यात काडतूस नसतं. सहा घरांत मापून काळी दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवून दट्ट्याने दाबायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. मग सहा बार उडतात, धुराने समोरचं काही दिसेनासं होतं, कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि पुन्हा भरायला दहा मिनिटं जातात. त्याच दिवशी गरम पाण्याने आणि साबणाने धुतलं नाही तर गंज चढतो. इथे कॅनडात, ब्रॉसार्डच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातलं सिंक मी याच कामासाठी किती वेळा अडवलं असेल, ते मीनालाच विचारा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कॅनडात अशी नक्कल म्हणजे कायद्याने पुरतं पिस्तूल. लायसन्स हवं, नोंद हवी, कुलूप हवं, क्लबात न्यायचं तर परवानगीचा कागद हवा. पण तेच रिव्हॉल्व्हर खरोखर त्या काळातलं असलं तर ते पुराणवस्तू ठरतं — मग ना लायसन्स, ना नोंद, खुशाल दिवाणखान्यात टांगा. खऱ्याला मोकळीक आणि नकलेला कुलूप. मला तेव्हा या कायद्याचं हसू यायचं.

हा नाद मला लागलाच का? नागपूरच्या कारकुनाचा मुलगा मी. आमच्या घरात धारदार म्हणावी अशी एकच वस्तू, विळी. इथे विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजायच्या आणि शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. संध्याकाळी बेसमेंटमध्ये जाऊन कपाट उघडलं, ते जड, तेलकट लोखंड हातात घेतलं, की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. लाज वाटते हे लिहिताना, पण खरं तेच आहे.

आता डॉक्टर. ते साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आले, आमच्या भागातल्या पहिल्या मराठी माणसांपैकी एक. हाडांचे डॉक्टर. आम्ही आलो ते सत्त्याण्णवच्या जानेवारीत, उणे पंचवीसमध्ये, पुण्याहून घेतलेले स्वेटर घालून. पहिले सहा आठवडे आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. सुमतीताई, त्यांच्या पत्नी, रोज दोन वेळा जेवायला वर बोलवायच्या. मला बूट डॉक्टरांनी घेऊन दिले. बर्फावर गाडी कशी सावरायची तेही त्यांनीच शिकवलं, मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, आणि गाडी गर्रकन फिरली की पोट धरून हसायचे. माझ्या पहिल्या नोकरीसाठी शब्द त्यांनीच टाकला होता.

उपकार करणाऱ्या माणसाचा राग येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला येतो. ते सगळ्यांसमोर मला 'आमचा श्री' म्हणायचे, आणि मला माझ्या पायातले ते बूट आठवायचे.

आमच्यात खंडेनवमीची पूजा माझ्याकडे असायची. उघडच आहे — शस्त्रं फक्त माझ्याकडे होती. बेसमेंटमध्ये लाल कापड अंथरून मी अकरा रिव्हॉल्व्हरं मांडायचो, आणि भोवती लोक आपापली हत्यारं आणून ठेवायचे. लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, गाड्यांच्या किल्ल्या. एकाने तर बर्फ उपसायचं फावडं आणलं होतं. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं नसल्यामुळे दुकानातली शेवंती. वर्षातला तो एक दिवस माझा असायचा. लोक विचारायचे, मी सांगायचो.

दोन हजार चारच्या पूजेला डॉक्टरांनी माझं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर उचललं, उलटसुलट केलं, आणि खाली ठेवलं. "श्री, पूजा शस्त्राची करतात रे," ते म्हणाले. "ही तर इटालियन खेळणी."

सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी त्यांच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. पणजोबा एका संस्थानाच्या फौजेत होते, कमरेला असलंच रिव्हॉल्व्हर, पण अस्सल. घरात त्यांचा फोटो होता, वाटण्या झाल्या तेव्हा हत्यार कुठे गेलं ते कळलं नाही, पुढे शोधूनही सापडलं नाही. डॉक्टर सुरेख सांगायचे. माझ्या टेबलाकडे पाठ करून सगळे त्यांच्याभोवती जमले, आणि मी एकटा उदबत्तीची राख झटकत उभा राहिलो.

एवढंच? हो, एवढंच. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. मीही शोधून पाहिलं आहे.

त्या हिवाळ्यात आमच्या नेमबाजीच्या क्लबातला एक म्हातारा वारला. त्याच्या बायकोने गॅरेज रिकामं करताना मला एक डबा दिला. त्यात सुट्या भागांत एक रिव्हॉल्व्हर होतं, नक्कलच, कधी कुठे नोंदवलेलं नव्हतं. मी ते नोंदवायला हवं होतं. नोंदवलं नाही. महिनोन् महिने खपून त्याचा नवेपणा घालवला, शिक्के बुजवले, मूठ झिजवली, जिथे हात लागतो तिथे हात लागल्यासारखी केली. दट्ट्याच्या खालचा एक बारीक शिक्का मात्र मुद्दाम राहू दिला. बेत असा होता — डॉक्टरांना ते अस्सल म्हणून द्यायचं, पूजेच्या दिवशी त्यांना चारचौघांत त्याचं कौतुक करू द्यायचं, आणि मग ते उलटं करून शिक्का दाखवायचा. खेळणं ओळखता येत नाही का, डॉक्टर? हे वाक्य मी आंघोळीच्या वेळी पाठ केलं होतं.

पुढच्या नवरात्राच्या आधीच्या रविवारी सकाळी मी ते घेऊन गेलो. ओंटारिओतल्या एका इंग्रज कुटुंबाकडून मिळालं, त्यांचा पूर्वज हिंदुस्थानात होता, तुमच्या पणजोबांच्या काळचंच आहे — सगळं बिनचूक सांगितलं. पूजेपर्यंत कोणाला बोलू नका, असंही म्हणालो. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या दिशेने वळले आणि हाक मारली — "सुमती." सुमतीताईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. हाक मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच उभे राहिले, आणि रडले.

तेव्हा बोलायला हवं होतं ना? मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

पूजेच्या दिवशी ते रेशमी उपरण्यात गुंडाळून घेऊन आले. टेबलाच्या मधोमध ठेवलं, कपाळाला लावलं. माझी वेळ आली आणि मी गप्प बसलो. दया आली, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. दया कसली? मला एकाएकी दिसलं की ही गंमत एका दिवसात संपवण्यापेक्षा दरवर्षी पुरवून खाण्यात जास्त मजा आहे. हा इतका हुशार माणूस, आणि मी केलेल्या खोट्या वस्तूपुढे हात जोडतो. शिवाय ते बिननोंदीचं होतं, तेव्हा माझं नाव कुठे येऊ नये अशीही काळजी होती. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की विकणाऱ्यांना बोभाटा नको आहे, माझ्याकडून मिळालं असं कोणालाही म्हणू नका. त्यांनी शब्द दिला. इनामदारांचा शब्द. तो त्यांनी साडेचार वर्षं पाळला.

पण लोक विचारणार, कुठून आणलं? पहिल्या वर्षी ते म्हणाले, पणजोबांचं अगदी असंच होतं. पुढच्या वर्षी, पणजोबांच्या वेळचं आहे. चौथ्या वर्षापर्यंत ते सरळ पणजोबांचं झालं. कदाचित माझं नाव टाळण्यासाठीच त्यांनी हे केलं असेल, कदाचित त्यांनाही ते हवं होतं. मी कोपऱ्यात बसून शिरा खायचो आणि मनातल्या मनात हसायचो. हो, हसायचो. हे लिहायचं टाळलं असतं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

दोन हजार दहाच्या वसंतात ते मोठं घर विकून जवळच्याच कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला गेले होते. रिव्हॉल्व्हर काचेच्या चौकटीत, भिंतीवर, पणजोबांच्या फोटोखाली. हीटिंग दुरुस्त करायला आलेल्या माणसाने ते पाहिलं आणि कोणाला तरी सांगितलं. पोलीस आले, अगदी सौजन्याने. डॉक्टरांनी त्यांना मोठ्या अभिमानाने पुराणवस्तू म्हणून दाखवलं. पोलीस ते तपासणीला घेऊन गेले, आणि दट्ट्याखालचा शिक्का त्यांना लगेच सापडला. मी राखून ठेवला होता, तोच. म्हणजे शहात्तर वर्षांच्या माणसाच्या घरात विनालायसन्स, विनानोंद पिस्तूल.

तेव्हा कुठे डॉक्टरांनी माझं नाव घेतलं.

त्यांची मुलगी अनघा टोरोंटोत बँकेत आहे. ती त्याच दिवशी आली आणि तिने मला फोन केला. मी गेलो. जाताना गाडीत मी काय विचार करत होतो? डॉक्टरांचा नाही. माझं लायसन्स जाईल, अकराच्या अकरा जातील, कारखान्यात कळलं तर नोकरीवर येईल, मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही — पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये मी एवढंच मोजत होतो. कॉन्डोत एक पोलीसबाई वही घेऊन बसली होती, तरुण, हसरी. डॉक्टर खुर्चीत ताठ बसले होते. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला.

"श्री, सांग यांना," ते म्हणाले.

मी त्या बाईकडे वळलो आणि म्हणालो, "डॉक्टर ऑलवेज टोल्ड अस इट वॉज हिज ग्रेट-ग्रँडफादर्स."

पाहा, यात एकही शब्द खोटा नाही. मंडळातल्या चाळीस माणसांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पुढे पोलिसांनी त्यांतल्या दोघांना विचारलंही, आणि त्यांनी हेच सांगितलं. मला दिलेला शब्द राखण्यासाठी डॉक्टर जे सांगत आले, त्यातच मी त्यांना अडकवलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, एक्स-रे उजेडाला धरून पाहायचे तसं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मग अनघाने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. तिचे डोळे लाल झाले होते. "काका, बाबा विसरायला लागलेत का? प्लीज बी ऑनेस्ट."

तुम्ही काय म्हणाला असता? नको, उत्तर देऊ नका. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "लेटली... थोडं."

एवढ्याशा शब्दाने काय काय होतं ते मी पाहिलं. वकिलाने सुचवलं की वय आणि प्रकृती पाहता स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी, म्हणजे प्रकरण पुढे जाणार नाही. प्रकरण खरंच पुढे गेलं नाही. पण तपासणी झाली. अपमानाने थरथरणारा, रात्रभर न झोपलेला म्हातारा, समोर त्याच्या नातवंडाच्या वयाची डॉक्टर, आजची तारीख विचारते, घड्याळ काढून दाखवा म्हणते. त्यांनी रागाने कागद भिरकावला म्हणे. त्याचीही नोंद झाली. गाडीच्या किल्ल्या अनघाने काढून घेतल्या. कॉन्डो विकला गेला. ऑगस्टमध्ये तिने त्यांना ब्रॅम्पटनच्या बाजूला, तिच्या घराजवळच्या वृद्धनिवासात ठेवलं. सामान बांधायला मी गेलो होतो. पुस्तकांची खोकी मीच गाडीत भरली, आणि मीनाने सगळ्यांसाठी पोळीभाजीचा डबा दिला होता.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, भित्रा माणूस, घाबरला, खोटं बोलला, चालायचंच. तसं असतं तर मी हे लिहिलं नसतं. भीतीने बोललेलं खोटं मला पचलं असतं, असली खोटी पचवायची मला सवय आहे. पचत नाही ते पुढचं.

नोव्हेंबरमध्ये त्यांचा फोन आला. मी एकटाच घरी होतो, दुपारची वेळ. आवाज शांत होता. आधी त्यांनी बर्फ पडला का, विंटर टायर लावले का, मीना कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाले, "श्री, एकच विचारतो. प्रकरण मिटलंय, कोणाला काही सांगायचं नाही, मला रागही नाही. ते तू दिलं होतंस ना? रविवार होता, तू तपकिरी कागदात आणलं होतंस. मी सुमतीला हाक मारली होती. मला फक्त एवढं कळायला हवं की माझं डोकं ठिकाणावर आहे."

ऐकलंत? पोलीस नव्हते, वही नव्हती, लायसन्सला धक्का नव्हता. माझं काहीही जाणार नव्हतं. एका शब्दाची गरज होती, तोही फोनवर, तोही आम्हा दोघांतच राहणारा. आणि त्या माणसाचा शब्द किती पक्का असतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मी म्हणालो, "नाही हो डॉक्टर. मी कसं देईन?"

का म्हणालो? दोन वर्षं रोज विचार केला. त्यांनी मला माफ केलं असतं, हेच मला नको होतं. बूट दिले, नोकरी दिली, आता माफीही त्यांनीच द्यायची? पुन्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये? एवढं हलकं कारण आहे, यापेक्षा खोल काही नाही.

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "बरं. म्हणजे माझंच बिघडलंय. बरं झालं सांगितलंस." आणि त्यांनी माझे आभार मानले.

त्यानंतर ते कोणाशी वाद घालेनासे झाले. अनघा मला आनंदाने सांगायची, बाबांनी अॅक्सेप्ट केलंय, खूप शांत झालेत. मी दर दोन महिन्यांनी पाच-सहा तास गाडी चालवून त्यांना भेटायला जायचो. लोक यालाच जपणं म्हणतात. रिव्हॉल्व्हरं माझ्याकडे अजून आहेत, सगळी. तेलपाणी करतो, कपाटाला कुलूप असतं, कागदपत्रं चोख आहेत. खंडेनवमीची पूजाही चालू आहे.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी महिनाभराची. मी सकाळी अकराला पोचलो होतो आणि त्यांच्या खोलीत बसून होतो. दीड वाजला तरी जेवण आलं नव्हतं. तिथली मदतनीस, भली बाई, ट्रेची गाडी घेऊन दारावरून पुढे जायला लागली. मी तिला हटकलं तर ती यादी पाहून म्हणाली की यांचं जेवण झालंय, खूण केलेली आहे. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि 'असेल' म्हणाले. ती पुन्हा यादी पाहायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आस्क हिम," ते तिला म्हणाले. "ही रिमेंबर्स." आणि मग मला, मराठीत, अगदी हळू, "श्री, तू सांग रे. जेवलो का मी?"

मी म्हणालो, "नाही डॉक्टर, तुम्ही जेवला नाहीत."

त्यांनी मान डोलावली. मी सांगितलं म्हणून त्यांना ते पटलं, आणि मग ते जेवले.